पाठलाग

कपिलचा शर्ट आजही खांद्याजवळ फाटला होता. डबा रिकामा होता, तरी पोरगा भुकेजलेला.

"कोणं मारलं?" त्याच्या आईनं, निकितानं विचारलं.

कपिलनं तोंड फिरवलं. दुसरीतलं पोर, जीव तो केवढा! तिनं पाठीवरून हात फिरवला तसा कळवळला.

निकितानं दोन-तीनदा पाहिलं होतं. शाळा सुटली की चौथीतला बादल कपिलच्या मागं मागं पार घराच्या फाटकापर्यंत यायचा. त्याचा तांडा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. इकडं त्याचं काम काय?

"तांड्यातला तो बादल ना?"

नाव ऐकलं आणि कपिल हमसून हमसून रडू लागला. निकितानं पुढं काही विचारलंच नाही.

सकाळी कपिलला ताप भरला. त्याला सासऱ्यांजवळ सोडून ती तडक शाळेत गेली. गुरुजींनी बादलला बाहेर बोलावलं. कोपर सोललेलं, शर्टाची बटणं तुटलेली.

"पाहा गुरुजी. मारामाऱ्या केल्याशिवाय असं होते का?"

"बोल रे," गुरुजी म्हणाले.

बादलनं मान खाली घातली. मग हळूच तिलाच विचारलं, "कपिल काहून नाही आला? उद्या येईन का?"

निकिताचं डोकं सणकलं. "पाहा! अजून त्याची वाट पाहून राह्यला!"

सासरे किसनराव शाळेच्या समितीवर होते. त्यांनी शब्द टाकला आणि बादलचा दाखला निघाला.

भर उन्हात बादलची आई बबिता अंगणात येऊन उभी राहिली. "ताई, तो कोणाले मारत नाही हो. बोलत नाही, एवढंच. हे वर्ष तरी राहू द्या."

"आमच्या पोराची पाठ पाहा मंग!"

बबिता पदर सावरून निघून गेली.

बादलला पुसदकडच्या आश्रमशाळेत टाकलं. एसटीत बसताना लय रडला म्हणे. ते ऐकून निकिताला जेवण गेलं नाही. दारी आलेल्या बाईला आपण बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. लेकरूच ते, जवळ घेऊन समजावलं असतं तर ऐकलं नसतं का?

"मामंजी, जास्तच झालं का हो?" तिनं किसनरावांना विचारलं.

"आपलं पोट्टं तर सुटलं," ते म्हणाले.

ताप उतरायला आठवडा गेला. कपिल पुन्हा शाळेत गेला, त्या दिवशी तिनं डब्यात पुऱ्या दिल्या.

संध्याकाळी तो एकटाच आला. शर्टाची बाही लोंबत होती, ओठ फुटला होता.

निकिता धावली. "अरे, आता कोणं मारलं?"

"थेच तिघं, रोजचेच," कपिल हुंदके देत म्हणाला. "म्हणे, तुह्या मायनंच बादलले हाकललं, आता तुले कोण वाचवते पाहू."