तुळस दिसेल तोवर

"चपला काढा रे, घर इला," आई म्हणाली.

होडीतल्या सहाही पर्यटकांनी खाली पाहिलं. खाली समुद्र होता. तरी त्यांनी चपला काढल्या, कारण आईनं स्वतःच्या आधीच काढून मांडीवर घेतल्या होत्या.

"डावीकडे पडवी, समोर माजघर," मी वल्ह्यानं दाखवलं. तीन पावसाळ्यांत लाटांनी आमची वाडी खाल्ली. तेव्हापासून आमच्या सहलीत आधी डॉल्फिन, मग किल्ला आणि शेवटी आमचं घर असतं. ओहोटीला तुळशीवृंदावनाचा माथा वर येतो. तो दिसेल तोवर गाव सोडणार नाही, असं आईनं बेळगावला राहायला बोलावणाऱ्या मामाला बजावलं होतं.

आज पूर्ण ओहोटी होती. माथा दिसेना. मी वल्हं खाली घालून चाचपलं, तर नुसती वाळू लागली.

"जरा पुढे असेल," मी म्हणालो.

"माज्या आंगणाची वाट माका दाखयतंस?"

एका काकूंनी विचारलं, "आजी, इथं बघायचं काय?"

आईनं पाण्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या चपला पायांत घातल्या.

"तुमीय घाला," ती म्हणाली. "आता नुसतो दर्या आसा."

किनारा येईपर्यंत कोणीच घातल्या नाहीत.