टेबलामागची माणसं

मुलगी परवाना कचेरीतल्या साहेबांच्या खोलीत गेली, दार लागलं आणि रंगारी खुर्चीतून उठला.

“अहो, बसा हो. खुर्चीला काय काटे आहेत?” वकीलबाई म्हणाल्या. “रक्ताच्या तपासणीत बाप-लेक जुळलेत. बायकोनेही सांगितलं, पण बायको काय, नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार. तुम्ही बाप म्हणून सांभाळता, हे पोरीच्या तोंडून आलं की झालं. इथे जन्मलेल्या मुलीच्या बापाला मग कुणी देशाबाहेर काढत नाही.”

“आणि तिने नाहीच सांगितलं तर?”

“तर महिनाअखेरीला विमानात बसायचं. पण नऊ वर्षांची पोर स्वतःच्या बापाला बाप म्हणणार नाही, असं कुठे झालंय का?”

रंगारी बसला. नखांतला वाळका रंग खरवडत राहिला. बाईंना त्याने सगळं सांगितलं होतं, एकच गोष्ट सोडून. लाज वाटली होती, दुसरं काय.

त्याच्या राहण्याच्या परवान्याची मुदत पोरीच्या जन्माआधीच संपली होती. कामावरचा मालक “करतो, करतो” म्हणत राहिला आणि अर्ज काही भरला नाही. यानेही विचारायचा धीर केला नाही. बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, तिचा परवाना तिच्यापुरता शाबूत होता. बाळंतपणाच्या दिवशी हा पठ्ठ्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथूनच मागे फिरला. आत कुणी कागद मागितले तर? जन्मदाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा राहिला. पुढे शाळेतही त्याने स्वतःला मुलीचा काका म्हणून लिहून दिलं. काकाचे कागद कोण बघतं?

पोर चार वर्षांची झाली तेव्हा तिला पढवायला घेतलं. घराबाहेर काका, दाराची कडी लागली की बाबा. पोर हुशार, आठवड्यात शिकली. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं, पण याचा जीव थाऱ्यावर असेल तर ना. रविवारी सकाळी चहा झाला की बायको चष्मा लावून टेबलामागे बसायची आणि सरकारी बाई व्हायची. आधी दरडावून विचारायची, हा तुझा कोण? मग गोड बोलून. गोड बोलायची युक्ती मात्र याच्याच डोक्यातली. “सांग हं बाळा, आता काही भीती नाही. तुझ्या बाबांनीच सांगितलंय, खरं बोल म्हणून.”

पहिल्या वेळी पोर फसली. “बाबा” म्हणाली. तो रागावला नाही, ओरडला नाही. फक्त दिवसभर तिच्याशी बोलला नाही. पोरीने धसकाच घेतला. त्यानंतर पाच वर्षांत ती एकदाही फसली नाही. किती गोड बोला, किती गळ घाला, पोर आपली “काका” वर ठाम. नवरा-बायको पोट धरून हसायचे, पोरीची पाठ थोपटायचे, आपली पोर भलतीच पक्की आहे म्हणायचे. कसलं मेलं कौतुक.

काल संध्याकाळी त्याने तिला जवळ बसवून घेतलं होतं. “उद्या ते साहेब विचारतील. खरं सांगायचं. आता भीती नाही.”

तिने आधी आईच्या चष्म्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“काय सांगायचं ते कळलं ना?”

“कळलं,” ती म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. त्याला हायसं वाटलं होतं. किती दिवसांनी तो शांत झोपला.

वीसेक मिनिटांनी दार उघडलं. साहेबांनी मुलीला बाहेर पाठवलं आणि वकीलबाईंना आत बोलावलं. बाई पदर सावरत लगबगीने गेल्या. मुलगी मात्र दारापाशीच थांबली. तिने आधी जिन्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या खिडकीकडे. तिथे कुणीच नव्हतं. तेव्हा कुठे ती धावत आली. त्याच्या गळ्यात हात टाकून, अगदी कानाशी लागून बोलायला लागली.

“ते साहेब किती गोड बोलत होते. म्हणाले, तुझ्या बाबांनीच सांगितलंय, खरं बोल म्हणून. तीनदा म्हणाले. तरी मी फसले नाही, बाबा.”