कुणाला सांगू नका

“निरोपसमारंभ मास्तरांचा आहे, तुझं लग्न नाही,” नवरा दारातून ओरडला. “आरसा फुटेल आता!”

“आले हो,” म्हणत शिलाईवालीने पांढऱ्या झग्याची कॉलर पुन्हा एकदा सारखी केली. चर्चच्या गायनमंडळाचे चौदाही झगे तिनेच शिवले होते.

नवरा स्वभावाने वाईट नव्हता. मीठ कमी पडलं की बोलायचा, बरोबर पडलं की मुकाट्याने जेवायचा, इतकंच. दुकानातही तीच गत. कपडा अंगात नीट बसला तर सांगायला कुणी येत नसे. काखेत तंग झाला की मात्र अख्खं खानदान हजर! ‘छान झालं’ हे दोन शब्द ऐकायला तिचे कान आसुसले होते. आता यात लाजण्यासारखं काय आहे? माणूस आहे, वाटतंच.

एकदाच काय ते ऐकलं होतं. सोळा वर्षांपूर्वी सराव संपल्यावर ती झग्यांच्या घड्या घालत होती. गाणं शिकवणारे मास्तर जवळ आले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “ताई, एक सांगतो. हे गायनमंडळ तुमच्या आवाजावर उभं आहे. बाकीचे आपले साथीला. पण कुणाला सांगू नका हं, उगाच मनं दुखतील.”

त्या दिवशी ती घरी चालत गेली की उडत, तिचं तिलाच ठाऊक.

तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. थंड पाणी सोडलं, आंबट सोडलं, घशाला त्रास नको म्हणून आरडाओरडाही सोडला. आणि रागवायचं तरी कुणावर? मंडळातला पाववाला सूर सोडून भरकटला तरी ती हसून सांभाळून घ्यायची. बिचारा भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर गुंडाळून यायचा, जसं काही त्याच्याच गळ्यावर सगळं चाललंय! निवृत्त शिक्षिका सदानकदा लवंग चघळायची. पोस्टमन मागच्या नळावर मिठाच्या गुळण्या करायचा. तिला सगळ्यांची फार माया यायची.

पाळकसाहेबांना तर नवल वाटे. “चौदा माणसं, आणि एकाचीही दुसऱ्याबद्दल तक्रार नाही? किती सांभाळून घेता हो एकमेकांना!”

मोठं मन ठेवावं लागतं साहेब, ती मनात म्हणायची.

मागे एकदा तिचा घसा धरला आणि तीन रविवार ती घरी राहिली. पाववाला गरम पाव घेऊन बघायला आला. “ताई, गाण्याची अजिबात काळजी करू नका,” तो म्हणाला. “मी आहे ना!”

तिला हसू आवरता आवरेना. बरी झाल्यावर तिने पाळकसाहेबांना सहज विचारलं, “माझ्यावाचून कसं काय झालं?”

“ठीक झालं,” ते म्हणाले.

ठीक! समजायचं ते ती समजली.

पण गुपित पोटात ठेवून पोट भरत नाही. गेल्या महिन्यात मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. आता सांगणारंच कुणी उरलं नाही, या विचाराने ती मशीनवर डोकं टेकून रडली. “प्रभू, तुला माहीत आहे, तेवढं पुरायला हवं. कळतं मला. पण एकदाच, चारचौघांत, माणसांच्या तोंडून ऐकू दे. मग काही मागणार नाही.”

आजची उपासना संपली. मास्तरांना चाकांच्या खुर्चीतून पुढे आणलं. गायनमंडळ बाजूच्या तीन बाकांवर बसलं होतं. शिलाईवाली पहिल्या बाकावर, शेजारी पाववाला.

पाळकसाहेब बोलायला उभे राहिले. “मी इथे नवा होतो, तेव्हा मास्तरांना म्हणालो, चौदाजण कशाला? थोडे कमी करू या. मास्तर असे भडकले! म्हणाले, ‘यांच्यातल्या एका आवाजावर सगळं उभं आहे. कुणाच्या, ते मी त्या माणसाला सांगितलंय. तुम्ही एकालाही हात लावायचा नाही.’ नाव काही शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज मास्तरांच्या समोर मला त्या व्यक्तीचे आभार मानायचे आहेत. मास्तरांनी ज्यांना हे सांगितलं, त्यांनी कृपा करून उभं राहावं.”

शिलाईवालीने झग्याची कॉलर सारखी केली. प्रभूने ऐकलं होतं. शब्दन्‌शब्द ऐकला होता.

पण उठायचं कसं? बाकीच्यांना काय वाटेल? सोळा वर्षं जपलेली मनं आज मोडायची? तिने मास्तरांकडे पाहिलं. ते डोळे मोठे करून डावा हात जोरजोरात हलवत होते. याच हाताने ते इतकी वर्षं गायनमंडळाला उठवत आले होते.

उठा म्हणताहेत, ती समजली.

चौथ्या रांगेत नवरा जांभई देत होता. आज तोही ऐकेल. तिने मान खाली घातली, बाकीच्यांचे पडलेले चेहरे बघवले नसते म्हणून, आणि ती उभी राहिली.

मागचे बाक करकरले. आपल्याला बघायला लोक पुढे सरकत असतील, तिला वाटलं. ती टाळ्यांची वाट बघत राहिली. टाळ्या झाल्या नाहीत.

तिने हळूच नजर वर केली. शेजारी मफलर सारखा करत, मान खाली घालून पाववाला उभा होता.

तिने मागे वळून पाहिलं. तिन्ही बाकांवर बसलेलं कुणीच नव्हतं.