पाहुण्यांसाठी धुतलेली गाडी

"गाडी आज जागची हलणार नाही," संचालक म्हणाले. "पाहुणे येतच असतील. त्यांनीच दिलेली गाडी दारात दिसली नाही, तर त्यांना काय तोंड दाखवू?"

ड्रायव्हरच्या हातातलं ओलं फडकं हातातच राहिलं. सकाळपासून घासूनपुसून त्याने रुग्णवाहिका नव्या नवरीसारखी केली होती. दारावरचं देणगीदार संस्थेचं नाव तर दोनदा पुसलं होतं.

"साहेब, लेकीचा दमा उसळलाय. बायकोचा फोन होता. गेलो आणि आलो."

"तुमची मोठी गेली, तिलाही हेच होतं ना?" संचालकांचा आवाज मऊ झाला. "घराण्यातच दिसतंय. असं करा, बायकोला रिक्षा बघायला सांगा. पाहुण्यांना मोठीची गोष्ट तुमच्या तोंडून ऐकायचीय. अनुदान बंद झालं तर दवाखान्याला कुलूप लागेल. नर्सबाई घरी बसतील, तुम्हीही."

गाडी दवाखान्यात आली त्या दिवशीच बायकोने ड्रायव्हरला ठणकावलं होतं, "मेले तरी त्या गाडीत पाय ठेवणार नाही." तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नसे. आज तिनेच गाडी मागितली होती.

त्याने फोन लावला. "रिक्षा बघ. शेजाऱ्यांना हाक मार. मी येतोच."

"आपल्या चढावर रिक्षा येते का कधी?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

पाहुणे आले. संस्थेच्या प्रमुख बाई सगळीकडे हिंडल्या, औषधांच्या कपाटात डोकावल्या, गाडीसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले. हसून हसून नर्सबाईंचे गाल दुखायला लागले. मग मंडळी बैठकीच्या खोलीत बसली.

ड्रायव्हरला ती गोष्ट तोंडपाठ होती. वस्तीत गाडी नाही, पोरीला धाप लागलेली, तिला हातगाडीवर घालून धावणारा बाप, आणि अर्ध्या वाटेत थांबलेला श्वास. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, सगळं बसलेलं. याच गोष्टीवर दवाखान्याला गाडी मिळाली होती आणि गाडीपाठोपाठ त्याला नोकरी.

संचालकांनी त्याला खूण केली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो व्हरांड्यात गेला. बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. मग भिंतीला हात लावत आत आला.

"कशी आहे?" संचालकांनी हळूच विचारलं.

"धाप थांबली."

"बघा! उगाच जीव टांगणीला लावून घेता. सांगा आता निवांत."

तो सांगू लागला. आज तो नेहमीच्या जागी थांबला नाही, आवंढाही गिळला नाही. पोरीची एक चप्पल दारातच राहिली, म्हणाला. शेजारी हातगाडी ढकलत होते आणि आई ती चप्पल हातात घेऊन मागे पळत होती. दवाखान्यात उतरल्यावर पोरीचे पाय पोळू नयेत म्हणून. पोरगी सारखी रस्त्याकडे बघत होती. बाबा येतायत ना, विचारत होती. मग विचारायची थांबली.

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. निघताना त्यांनी संचालकांचा हात हातात घेतला आणि अनुदान पुढे चालू ठेवल्याचं तिथल्या तिथे सांगून टाकलं.

पाहुण्यांची मोटार फाटकाबाहेर पडली, तसे संचालक हातवारे करतच परत आले. त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं.

"आज कमाल केलीत! फक्त एक सांगतो, गोष्टीत फेरफार नको. हातगाडी नेहमी तुम्ही ओढता, आज तुम्ही त्यात कुठेच नव्हता. ती चप्पलही नवीनच. पाहुण्यांच्या लक्षात राहतं हो असलं." त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जा आता. गाडी घ्या आणि धाकटीला तपासायला घेऊन या."

ड्रायव्हरने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"धाकटी कुणी नाही, साहेब," तो म्हणाला. "मला एकच लेक होती. मघापर्यंत."