मास्तरांची घंटी

विज्ञानकथाप्रेमींच्या वार्षिक मैफलीत एक नियम कडक होता: गाण्यात विज्ञान चुकलं की भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर पितळी घंटी वाजवत आणि गाणारा मुकाट्याने खाली बसे. गेल्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या मावशींचं गाणं दुसऱ्याच ओळीला आपटलं होतं. "अहो, यानाचा भोंगा अंतराळात ऐकू कसा येईल?" मास्तरांनी सुनावलं. "तिथे हवा आहे का?" त्या दिवसापासून मावशींनी शिलाई मशीनला पुस्तक टेकवून वर्षभर अभ्यास केला. आज नावाड्यांच्या जुन्या चालीवर त्यांनी यान हाकारलं. पहिलं कडवं सुखरूप पार पडलं, दुसरंही. तिसऱ्यात यान शनीच्या कड्यांजवळ पोचलं आणि टण्णकन घंटी वाजली. मावशी गायच्या थांबल्या. त्या खाली बसणार, तेवढ्यात पुन्हा टण्ण. मग पुन्हा, अगदी लयीत. "थांबलात कशाला?" मास्तर खेकसले. "चूक सापडेना, म्हणून ठेका धरलाय!"