सीतादहीचं सूत

भातकुलीच्या नत्थुजी आणि उकंडाजी या चुलतभावांचं दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरच्या पट्टीचं भांडण आज्यापासूनचं. दरसाल ते पेटायचं आणि दरसाल पंच ते पारावर विझवायचे. पण तिकडे समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला येईनासा झाला आणि इकडे वऱ्हाडात कापसाच्या बोंडाचं सोनं झालं. नत्थुजीच्या पाठीशी इंग्रज गिरणीचा अडत्या उभा राहिला, उकंडाजीच्या पाठीशी फ्रेंच गिरणीचा. दोन्ही अडत्यांनी आपापल्या बाजूला लाठ्या पुरवल्या.

पहिल्या वेचणीच्या सकाळी पट्टीवर माणसं समोरासमोर तटली. सीतामाईला दहीभात वाहायची सीतादहीची पूजा झाल्याशिवाय मात्र बोंडाला कोणी हात लावत नाही. नत्थुजीची पार्वता आणि उकंडाजीची सारजा दहीभात घेऊन आल्या. दोघींनी एकाच झाडाला कुंकू लावलं आणि कच्चं सूत झाडाझाडाला गुंडाळत, गात निघाल्या:

"सीतामाईचं गं सूत, वावरामांगं वावर,
दोन घरच्या रानाले एका गाठीत आवर."

दोन्ही वावरांना मिळून एकच वेढा पडला. लाठ्या घेतलेली माणसंही त्यात आली.

"वहिनी, हे काय करून राहिल्या?" उकंडाजी गरजला.

"दिसत नाई? लाठी उचलाची असन तं आधी हे सूत तोडा, भाऊजी."

सीतामाईचं सूत कोण तोडणार? लाठ्या खाली आल्या.

गाडीवाटेवर फ्रेंच गिरणीच्या अडत्याशेजारी उभा असलेला इंग्रज गिरणीचा अडत्या ओरडला, "अहो बाई, सुताच्या आतलं रान नेमकं कोणाचं?"

"आमचं," पार्वतानं शेवटची गाठ मारली. "बाहीर उभे आहात ते तुमी दोघंच."