नाल्याकाठचा वाल

पडद्यावरची हिरवी रेघ धाडकन शून्यावर आली. समोर बसलेल्या चांदूर बाजारच्या बागायतदारांत कुजबुज सुरू झाली.

हर्षा कावरीबावरी झाली. अमरावतीच्या त्या छोट्या कारखान्यात वर्षभर खपून तिनं पाणी मोजणारं यंत्र बनवलं होतं. आज ते गिऱ्हाइकांना दाखवायचं होतं. पहिला नमुना तिनं शेंदूरजनाघाटला, वडिलांच्या संत्र्याच्या बगीच्यात बसवला होता. पाइपातलं पाणी आतलं चक्र फिरवायचं, यंत्र त्या फेऱ्या मोजायचं आणि आकडा रेडिओलहरींनी घराच्या गच्चीवर पाठवायचं. तिथून तो इंटरनेटवरून थेट या पडद्यावर यायचा. नाल्याकाठच्या त्या कोपऱ्यात मोबाइल लागत नसे, पण आकडा बरोबर पोचायचा.

रेघ वर गेली. पुन्हा शून्य. पुन्हा वर.

कारखान्याचे मालक भगवंतराव पुढे झाले. चक्रात कचरा अडकला असेल, साफ करून घेऊ, असं पाहुण्यांना सांगत त्यांनी हर्षाला पडदा बंद करायची खूण केली. तिचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. कचरा असता तर रेघ वेडीवाकडी थरथरली असती. ही ठरवून पडत होती. जेवढा वेळ पाणी बंद, तेवढाच वेळ चालू.

"सर, हा कचरा नाही," ती म्हणाली. "तिथं कोणीतरी पाइपाचा वाल फिरवून राहिलं."

तिनं घरी फोन लावला. आईनं, दुर्गाबाईंनी, सांगितलं की बाबा सकाळीच एकटे नाल्याकडे गेले, जेवायलाही आले नाहीत. भाऊ मनोज घरीच होता. हर्षानं त्याला मोटरसायकल काढायला लावली. तो निघणार तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, तिथून याचाही फोन लागणार नाही.

"बाबा बोलून राहिले असले तर वाल बंद कर," ती घाईनं म्हणाली. "आन् बंदच ठेव. मले इथं दिसते."

मग वाट पाहणं आलं. रेघ आता उशिरानं पडू लागली. एकदा अर्ध्यावरच अडखळली. नंतर वर गेली ती वरच राहिली. सरळ, एकसारखी. पाहुण्यांना दाखवायला तिला अगदी अशीच रेघ हवी होती, आणि आता ती पाहवत नव्हती.

आणलेल्या चहाला कोणी हात लावला नाही. नत्थुजी नावाचे एक वयस्क बागायतदार उठून तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यांच्यामागून एकेक करत सगळेच आले. यंत्र चालतं की नाही, हे कोणी विचारत नव्हतं. मनोज कुठवर पोचला असेल, याचे अंदाज चालले होते. भगवंतरावांनी तर खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि तो हातातच धरून ठेवला.

रेघ कोसळली.

सगळे पडद्याकडे वाकले. ही पुन्हा वर गेली तर? ती गेली नाही. शून्यावर पडून राहिली, हलेचना. नत्थुजींनी टाळी वाजवली आणि सगळी खोली टाळ्यांनी भरून गेली. हर्षा टेबलावर डोकं टेकून हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

वरुडच्या दवाखान्याच्या वाटेवरून मनोजचा फोन आला. फिल्टर धुवायला बाबा खड्ड्यात उतरले होते. कडेची दगडी भिंत ढासळली आणि मांडीपर्यंत पाय गाडले गेले. हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. हात पोचत होता तो फक्त वालापर्यंत. मनोजनं बोलावून आणलेल्या शेजारच्या वावरातल्या माणसांनी दगड उचलून त्यांना बाहेर काढलं. एक पाय मोडला असावा, पण जिवाला धोका नव्हता.

मनोजनं फोन बाबांच्या, खुशालरावांच्या, कानाला लावला. माझ्या यंत्रावर एवढा भरोसा कसा ठेवला, असं हर्षानं त्यांना विचारलं.

"यंत्राचं मले काय समजते?" ते म्हणाले. "तू त्याच्यासमोरून उठनार नाई, एवढं मालूम होतं."